साडेसहाच्या आधी

जरा बसा. खांदे सैल सोडा. श्वास त्याच्या चालीनं येऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक खोली येऊ द्या.

इंग्लंडमधलं एक खेडं, चिपिंग क्लेगहॉर्न. नकाशात ते सापडणार नाही. अगाथा ख्रिस्तीनं ते ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या १९५० च्या कादंबरीत वसवलं आहे. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झालीत. ऑक्टोबरची संध्याकाळ आहे.

आत या. दिवे लागलेत. खोली उबदार आहे.

ही ऊब अंगावर घ्या. इंधनाची अजून टंचाई आहे, म्हणून आत येणाऱ्यांचं लक्ष आधी या उबेकडेच जातं.

फुलदाणीत व्हायोलेटची फुलं आहेत. घड्याळ चालू आहे. साडेसहाला याच घरात खून होणार, अशी जाहिरात आज गावच्या पेपरात आली आहे. काहीतरी खेळ असेल, असं समजून शेजारीपाजारी जमलेत.

घड्याळाकडे नको. माणसांकडे पाहा.

एक चेहरा. त्यावर थांबा. मग दुसरा.

सगळे हसून बोलताहेत. यांतलं कोण कुणाला खरंच ओळखतं?

पूर्वी खेड्यात नवं माणूस आलं, तर त्याच्या आधी कुणाचं तरी पत्र यायचं. ही अमक्याची भाची, हा तमक्याच्या पलटणीतला. युद्धानं घरं हलली, माणसं विखुरली. आता येणाऱ्याजवळ रेशनचं पुस्तक असतं आणि ओळखपत्र. बाकी तो सांगेल ते खरं.

या कादंबरीत गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या वृद्ध मिस मार्पल यांना हेच बोचतं. गुन्ह्याच्या कितीतरी आधी काहीतरी हरवलंय, हे त्या ओळखतात. त्या विणत बसतात, बोलणाऱ्याला बोलू देतात. मला ही कादंबरी रहस्यापेक्षा या दुःखासाठी मोठी वाटते.

पुन्हा श्वास घ्या. सावकाश.

साडेसहा.

दिवे जातात.

अंधारात राहा. कुणीतरी खिदळतं. दार उघडतं. टॉर्चचा झोत डोळ्यांवर येतो आणि त्यापलीकडचं काही दिसत नाही. गोळ्यांचे आवाज.

आत्ता उत्तर शोधू नका. फक्त ऐका. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास ऐका. मघाशी त्याच्याशी तुम्ही हसून बोललात. तो कुठून आला, ते तुम्ही विचारलं नाहीत.

इथेच थोडं थांबा.

माणसाची ओळख सांगणारे ते कागदही पुढे गेले. ब्रिटनमधली युद्धकाळातली ओळखपत्रं १९५२ मध्ये रद्द झाली. शेवटचं रेशन, मांसाचं, जुलै १९५४ मध्ये उठलं.

ही कादंबरी हाती आली, तर पहिलं प्रकरण घाईनं उलटू नका. त्यात पेपर टाकणारा पोरगा सायकलवरून घरोघर जातो. त्याच्या मागोमाग प्रत्येक दाराशी थांबा, आणि आत कोण राहतं ते नीट पाहून घ्या.