कबुलीविना समेट

दोन माणसांत समेट घडवून आणणे हे इस्लामच्या दृष्टीने थोर सत्कृत्य आहे. सूरह निसाच्या 128व्या आयतीत पती-पत्नीच्या बेबनावासंदर्भात सुलह उत्तम म्हटली आहे. तिचाच आधार घेऊन आपल्या जमातीतील वडीलधारी मंडळी कोणतीही तक्रार मिटवायला बसतात. पण एखाद्याला केवळ त्याची बिरादरी, रंग किंवा धर्म पाहून हीन लेखले गेले, तर ती तक्रारही शेताच्या बांधाच्या तंट्यासारखी मिटवता येईल काय?

सूरह हुजुरातच्या 9व्या आयतीत समेटाची आज्ञा आहे, पण तिला क्रम आहे. एक पक्ष अतिक्रमण करीत असेल तर प्रथम त्याला आवरावयाचे आणि तो परतल्यावर न्यायाने समेट करावयाचा. न्यायाची ताकीद तेथे लागोपाठ दोनदा येते. दोन आयतींनंतर एकमेकांची टवाळी निषिद्ध ठरते आणि 13व्या आयतीत सर्व मानवांचे एकच मूळ सांगितले जाते. समेट आणि समता एकाच सूरहमध्ये इतक्या जवळ याव्यात, हे मला अर्थपूर्ण वाटते.

फिकहमध्ये एक सूक्ष्म मतभेद आहे. प्रतिपक्ष दावा नाकारत असताना केलेली सुलह हनफी विद्वान वैध मानतात. शाफई मतानुसार कबुलीविना सुलह होत नाही. (कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफईच आहेत.) हा वाद प्रामुख्याने मालमत्तेचा, हे खरे. पैशाच्या तंट्यात नकार कायम ठेवूनही काही रक्कम देऊन भांडण संपवता येते. अपमानाच्या तक्रारीत मात्र कबुली हेच खरे देणे असते. ते वगळले तर मध्यस्थाने मिळवून द्यावयाचे काय?

सहीह बुखारीत हजरत अबूजर (र.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभयतांना थोडे-थोडे सोडण्यास सांगितले नाही. अबूजर (र.) यांच्यात अजून जाहिलियत उरली असल्याचे त्यांनी स्पष्ट बजावले आणि सेवकांना आपल्यासारखेच खाऊ-लेऊ घालण्यास सांगितले. पुढे रबजा येथे अबूजर (र.) आणि त्यांचा गुलाम एकसारख्या वस्त्रांत दिसले. भरपाई अशी वागणुकीत उतरली होती.

आपल्या देशाच्या कायद्यातही ही जाण आढळते. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याचे कलम 10 चौकशीपूर्वी समेटाला वाव देते, पण तक्रारदार स्त्रीने स्वतः विनंती केली तरच. आणि पैसा हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही. ठरलेल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर चौकशीचा मार्ग पुन्हा खुला होतो.

आपल्या बैठकांत याउलट चालते. नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेलेल्या तरुणाला आपण त्याचे हक्क सांगतो. सोयरिकीच्या बोलणीत बिरादरीवरून हिणवल्या गेलेल्या बापाला मात्र 'अल्लाहसाठी माफ करा' म्हणतो. सूरह शूरामध्ये क्षमा करून समेट साधणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे असल्याचे सांगितले आहे, हे निःसंशय. पण लगेच पुढच्या आयतीत, अन्याय झाल्यावर प्रतिकार करणाऱ्यास दोष नाही, असेही म्हटले आहे. क्षमा हे त्या बापाचे दान आहे. बैठकीने ते वसूल करावयाचे नाही. समेटाची खरी तळमळ असलेल्यांनी आधी हिणवणाऱ्याच्या दारी जायला हवे. तसे जाताना मी फारच थोड्यांना पाहिले आहे.