नोंद आणि नाडी

आयुष्याची पस्तीस वर्षे सरकारी दप्तरात घालविलेल्या माणसाला नोंदीविषयी तुच्छतेने बोलता येत नाही. महसूल विभागात, इकडच्या भाषेत राजस्व विभागात, खसरा आणि खतौनी यांच्या आधारावरच गरीब शेतकऱ्याची जमीन त्याची राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तोंडचा शब्द बलवानाच्या बाजूने सहज वळतो. कागद तितक्या सहजी वळत नाही. म्हणून दवाखान्यांतील केसपेपरांच्या जागी संगणकावरील नोंदी येऊ लागल्या, तेव्हा मला आनंदच झाला. तो आनंद मी आजही मागे घेतलेला नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने एक प्रश्न माझ्यापुढे उभा केला, आणि तो काही केल्या मनातून जात नाही. रुग्ण समोर बसलेला असताना त्याची नोंद एक सांगते आणि तो स्वतः दुसरेच सांगतो, तेव्हा वैद्याने कोणावर विश्वास ठेवावा?

या प्रश्नाचे उत्तर जुन्या काळाच्या गुणगानात सापडणार नाही. इंदूरच्या ज्या वस्तीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तेथील डॉक्टरांना प्रत्येक घरातील तीन पिढ्यांचे आजार तोंडपाठ होते. कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणाच्या घरी कोणत्या काळजीने झोप उडाली आहे, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. पण ते गेले त्या दिवशी ती सारी माहितीही त्यांच्याबरोबर गेली. नव्या डॉक्टरांनी प्रथमपासून सुरुवात केली, आणि त्या सुरुवातीची किंमत काही रुग्णांनी मोजली. माणसाची स्मृती कितीही प्रेमळ असली तरी ती नश्वर असते, हे विसरून चालणार नाही.

नोंदीने वैद्यकाला शिस्तही लावली आहे. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी 1968 साली, रुग्णाची टिपणे त्याच्या एकेका समस्येनुसार मांडावीत, असा विचार प्रभावीपणे पुढे आणला. टिपण नीट लिहिणारा डॉक्टर विचारही नीट करतो, ही त्यामागील धारणा होती. आपल्या देशातही वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेने 2002 सालीच नोंदी संगणकावर आणण्याचे प्रयत्न व्हावेत, असे म्हटले होते. 2013 मध्ये अशा नोंदींची मानके जाहीर झाली, 2016 मध्ये ती सुधारण्यात आली आणि सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी आभा क्रमांकाच्या आधारे, रुग्णाच्या संमतीने, एका गावच्या तपासण्या दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दिसाव्यात, अशी ही योजना आहे. कामाच्या शोधात गाव सोडणाऱ्या मजुराला, ज्याच्या फायली कोणत्याही कपाटात टिकत नाहीत, त्याला हे केवढे वरदान ठरू शकेल, हे निराळे सांगावयास नको.

आता तो प्रसंग. माझे थोरले बंधू त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकलेली नाही. आठ-दहा दिवसांपासून त्यांचा तोल जाऊ लागला होता, बोलणे मधेच अडखळत होते. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना घेऊन गेलो. तेथे त्यांचे नाव पूर्वीपासून होते. तरुण डॉक्टरांनी पडद्यावर नजर फिरविली आणि विचारले, "पिणे कधीपासून आहे?" दादा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "मी माळकरी आहे." डॉक्टर सौजन्याने हसले. पडद्यावर नियमित मद्यपानाची नोंद होती. कधीकाळी कोणा कर्मचाऱ्याने चुकीच्या चौकटीवर खूण केली असावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत जुना मजकूर नव्या पानावर जसाच्या तसा उतरला असावा. मी आग्रहाने सांगू लागलो, तर माझ्याकडेही त्यांनी त्याच समजूतदार दृष्टीने पाहिले. घरचे लोक लपवितातच, हा त्यांचा अनुभव असणार. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दारू सोडण्याचा सल्ला घेऊन आम्ही परतलो.

तिसऱ्या दिवशी दादांना उजवा हात उचलेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी काहीच वाचले नाही. खुर्ची जवळ ओढून नाडी हातात घेतली आणि विचारले, "काका, महिन्याभरात कुठे पडला होतात का?" दादा न्हाणीघरात घसरले होते, डोक्याला लागले होते, किरकोळ म्हणून आम्हीही विसरून गेलो होतो. सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेले रक्त दिसले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि दादा वाचले.

यात यंत्र खलनायक आणि माणूस नायक, असा सोपा निष्कर्ष काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. रक्त दाखविले ते यंत्रानेच. पडल्याचे विसरलो ते आम्ही माणसेच. आणि पहिले डॉक्टर काही निष्काळजी नव्हते; त्यांनी नोंद वाचली होती, जे त्यांचे कर्तव्यच होते. मग चूक नेमकी कोठे झाली?

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. आप्त म्हणजे ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे आणि ज्याच्या ठायी राग-द्वेष नाहीत, असा विश्वसनीय पुरुष. त्याचे वचन प्रथम, हे खरे. पण रुग्णाची परीक्षा प्रत्यक्ष आणि अनुमान यांनीच करावयाची आहे. आता पडद्यावरील ओळीकडे पाहा. ती शब्द आहे, पण तो शब्द कोणाचा? लिहिणाऱ्याने रुग्णाला विचारले होते काय? तो घाईत होता काय? संगणकावरील अक्षर सर्वांचे सारखेच असते. हस्ताक्षरातली घाई, खाडाखोड, शंकेचे चिन्ह त्यात उमटत नाही. त्यामुळे ज्याचा आप्त हरवला आहे असे वचन आप्तवचनाच्या थाटात समोर येते. दहा पानांवर तेच वाक्य असले की दहा साक्षीदार असल्याचा भास होतो. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, आणि तोही अनोळखी.

हे लिहिताना मला स्वतःला वगळता येत नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात, नायब तहसीलदार असताना, एक वृद्धा माझ्यापुढे उभी राहिली. तिची निराश्रित पेन्शन बंद झाली होती, कारण दप्तरात ती मयत दाखविली गेली होती. मी तिला जिवंत असल्याचा दाखला आणावयास सांगितले. ती म्हणाली, "साहब, आपके सामने खड़ी हूँ, और क्या लाऊँ?" मी नियम समजावून सांगितला. नियम बरोबर होता. दाखला, पंचनामा, वरिष्ठांची मंजुरी यांत चार महिने गेले. ते चार महिने ती काय खात होती, हे मी विचारले नाही. दादांकडे पाहून हसणाऱ्या त्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचे काहीतरी दिसले होते. ते काय, हे घरी आल्यावर उमगले. तो माझाच चेहरा होता.

नोंदीचा खरा नैतिक धोका मला येथे दिसतो. नोंद चुकते, तेव्हा ती दुरुस्त करण्याचा भार तिच्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याच्यावरच पडतो, आणि बहुधा तोच सर्वांत दुबळा असतो. आजारी माणूस भीत असतो, थकलेला असतो, वाद घालण्याच्या स्थितीत नसतो. भरती होताना पुढे केलेल्या कागदावर तो जी सही करतो, तिला संमती म्हणणेही अनेकदा धाडसाचे ठरते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीचे निकष व दुरुस्तीचा हक्क नमूद झाला. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, असा उपदेश चरकाने शिष्याला केला होता. पण तेव्हा गुप्त ठेवणारा एकच माणूस होता. आज नोंद अनेकांच्या हातांतून जाते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणक सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाले आणि कित्येक दिवस तेथील कामे हाताने करावी लागली, हे आपण वाचलेच आहे. तरीही मला वाटते, नोंद चोरीला जाण्याच्या भीतीइतकीच आपल्या माणसांनी ती आंधळेपणाने मानण्याची भीतीही बाळगावयास हवी.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीला तीन गोष्टी सुचतात. प्रत्येक ओळीसोबत ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे वाचणाऱ्याला सहज दिसले पाहिजे. म्हणजे शब्दाला त्याचा आप्त परत मिळेल. रुग्णाने आपली नोंद मागून घेऊन वाचली पाहिजे. 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ती मिळावयास हवी, पण असे मागणारे आपल्यापैकी किती? आणि नोंद व माणूस यांचा मेळ बसत नसेल, तर संशय प्रथम नोंदीवर घ्यावा. माणूस खोटे बोलत नाही म्हणून नव्हे, तोही बोलतो. पण त्याला पुन्हा विचारता येते, त्याची नाडी पाहता येते. नोंदीला उलटतपासणी नसते.

दादा बरे झाल्यावर आम्ही रीतसर अर्ज केला. जुनी ओळ पुसणार नाही, असे कळविण्यात आले. आणि दप्तराचा माणूस म्हणून मला ते पटले. चूकही इतिहासाचा भाग असते, ती खोडली तरी वाचता आली पाहिजे. खाली नवी ओळ जोडण्यात आली: "रुग्णाच्या सांगण्यानुसार मद्यपान नाही." दादांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि हसून म्हणाले, "म्हणजे दारू आहे ती नोंदीनुसार, आणि नाही ती फक्त माझ्या सांगण्यानुसार!"

मी हसलो खरा. पण मला ती वृद्धा आठवली. माझ्या दप्तरात तिचे जिवंत असणेही, अखेरपर्यंत, तिच्या सांगण्यानुसारच होते.