पाना कोणाच्या हाती?

शास्त्रपाठ : मत्तय ४:१८-२२, इफिसकरांस ४:११-१३, गलतीकरांस ६:१-५



प्रभूने याकोब व योहान यांना पाचारण केले तेव्हा ते आपला बाप जब्दी याच्याबरोबर तारवात बसून जाळी दुरुस्त करीत होते. या दुरुस्तीसाठी मूळ ग्रीक शास्त्रात 'कतार्तिझो' हा शब्द आला आहे. फाटलेले सांधणे, निखळलेले जागी बसवणे, कामाला योग्य करणे, असा त्याचा अर्थ. अपराधात सापडलेल्या भावाला सौम्यतेने पुन्हा उभे करावे, असे प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो, तेथेही हाच शब्द आहे. मंडळीला पाळक व शिक्षक कशासाठी दिले हे इफिसकरांना सांगताना पौल याच धातूपासून झालेले नाम योजतो. पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करावे म्हणून ते दिले आहेत. जाळे सांधणे, पडलेल्याला सावरणे आणि विश्वासणाऱ्याला सेवेस तयार करणे, या तिन्ही कामांना शास्त्र असे एकाच शब्दात गुंफते.

हा शब्द चांगला समजावा म्हणून आपण एका सायकल दुरुस्तीच्या कार्यशाळेकडे पाहू. अमेरिकेत १९८४ साली 'बाइक्स नॉट बॉम्ब्स', म्हणजे 'बॉम्ब नकोत, सायकली द्या', अशा नावाची संस्था निघाली. त्या वेळी निकाराग्वा या लहान देशात यादवी युद्ध पेटले होते व अमेरिकन सरकार तेथील बंडखोरांना साहाय्य करीत होते. तेव्हा काही नागरिकांनी लोकांच्या घरी पडून राहिलेल्या जुन्या सायकली गोळा करून त्या देशाला पाठवण्यास आरंभ केला. तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचे यशयाचे दर्शन आपल्याला येथे आठवल्यावाचून राहत नाही. पुढे याच संस्थेने बोस्टन शहरातील मुलामुलींना दुरुस्ती शिकवण्याचे काम हाती घेतले. मुले एकेक जुनी सायकल निवडतात, शिकत शिकत ती नीट करतात, आणि शिक्षण पुरे झाले की ती सायकल त्यांची होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००८ साली निघालेल्या अशाच एका कार्यशाळेत परदेशांतून आश्रयाला आलेले लोकही मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून आपली सायकल तयार करतात.

आपल्या बाजारपेठेतील सायकलच्या दुकानात आपण सायकल देतो, बाकावर बसतो, पैसे चुकते करून निघतो. तो प्रामाणिक धंदा आहे. त्यात काही वावगे नाही. पण या कार्यशाळेत पाना आपल्याच हाती येतो. शिकवणारा जवळ उभा राहतो, दाखवतो, विचारतो आणि स्वतःचे हात आवरतो. हे आवरणे सोपे नाही. जे काम त्याच्या हातून दहा मिनिटांत उरकेल, त्यावर नवशिका तासभर खटपट करतो. शिकवणाऱ्याने अधीर होऊन पाना हिसकावला, तर सायकल नीट होईल. माणूस मात्र होता तेथेच राहील.

आता पंक्चर पाहा. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात फिरवायची, बुडबुडे दिसतील तेथे खूण करायची, जागा खरवडायची, सोल्यूशन लावून ते वाळू द्यायचे आणि मग पॅच दाबायचा. घाईने ओल्यावरच लावलेला पॅच टिकत नाही. आणि एवढे सारे करूनही टायर आतून चाचपला नाही, तर रुतलेला काटा तसाच राहतो व पहिल्याच फेरीत ट्यूब पुन्हा बसते. पडलेल्या भावाला उपासनेत परत आणून बसवले, पण त्याच्या घरातील कर्ज, व्यसन किंवा वैर यांची कोणी चौकशीच केली नाही, तर आपण काटा आत ठेवून ठिगळ लावले असे होते.

तसेच चाकाचे. रिम एका जागी ब्रेकला घासते, तेव्हा चाकाचा आऊट काढावा लागतो. रिम डावीकडे गेली असेल तर तेथील उजव्या बाजूचे स्पोक जरा ताणायचे, डाव्या बाजूचे जरा सैल करायचे. एका वेळी पाव फेराच, आणि चाक फिरवून पुन्हा पाहायचे. एकच स्पोक जोराने ओढला तर रिम दुसरीकडे वाकते किंवा स्पोक तुटतो. डाव्या पॅडलचे आटे तर उलटे असतात. नेहमीच्या दिशेने सोडवण्यासाठी जितका जोर लावावा तितके ते घट्ट बसते. पौल सौम्यता सांगतो ती या कारणाने. सौम्यता म्हणजे दुर्बळपणा नव्हे. समोरच्या माणसाचे आटे कोणत्या बाजूचे आहेत हे ओळखून लावलेला जोर म्हणजे सौम्यता. आणि वाकलेल्याला सरळ करायचे तर शेजारच्या अनेकांना आपला ताण थोडा थोडा बदलावा लागतो. एकट्या पाळकसाहेबांनी ते होत नाही.

प्रभूने पेत्राला कसे सावरले ते योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तीनदा नाकारणाऱ्याला प्रभूने तीनदा प्रीतीविषयी विचारले. काटा काढला गेला. पेत्र दुःखी झाला. पण प्रभू तेवढ्यावर थांबला नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याने आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. क्षमा मिळालेल्याच्या हाती काम दिले, तेव्हा ती दुरुस्ती पुरी झाली.

प्रियजनहो, आपल्या लहान लहान मंडळ्यांतून आज काय दिसते? शास्त्रपाठ तेच वाचतात, हिशेब तेच ठेवतात, प्रार्थना तेच करतात. तरुण बाकावर बसून असतात आणि पुढे एक दिवस बाकही रिकामा होतो. मग आपण म्हणतो, पोरांना आस्था नाही. त्यांच्या हाती आपण कधी काही दिले होते काय? जो एकदा घसरला, त्याला आपण आत घेतो. पण दानपेटीला हात लावू देतो काय? ज्या बहिणीने वर्षानुवर्षे चटया अंथरल्या, तिला कधी शास्त्रावर चार शब्द बोलण्यास सांगितले काय?

येत्या महिन्यात प्रत्येक वडीलजनाने आपले एक काम निवडावे व ते एका नव्या व्यक्तीला शिकवावे. शेजारी उभे राहावे, हात आवरावेत, वेळ लागेल तो लागू द्यावा. गल्लीत सायकल दुरुस्ती जाणणारा भाऊ असेल, तर त्याने शनिवारी चर्चच्या आवारात मुलांना बोलवावे. कोणत्याही जातीधर्माची मुले येवोत. हीही सेवाच आहे.

हे प्रभो, तू आम्हांला सांधलेस व कामाला लावलेस. आमच्या मुठीत घट्ट धरलेले आमच्या भावाबहिणींच्या हाती देण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.