ऐकू न येणं आणि नसणं

अमेरिकेत अग्निशमन दल, रेल्वे, विमानं, बोटी यांची बिनतारी संभाषणं स्कॅनरवर ऐकणाऱ्या हौशी लोकांची परंपरा जुनी आहे. स्कॅनर यादीतले चॅनल झपाट्याने तपासत जातो, सिग्नल सापडला की थांबतो, बोलणं संपल्यावर उत्तराची वाट बघत दोनेक सेकंद रेंगाळतो आणि मग पुढे सरकतो. सगळीकडे शांतता असेल तर शंभर चॅनलांची फेरी दोन-चार सेकंदांत आटोपते. पण यादीत एखाद्या मोठ्या शहराच्या पोलिसांचा अखंड चाललेला चॅनल असला की फेरी तिथेच अडकते. नेमकी तेव्हाच डोंगरातल्या एखाद्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या चॅनलवर पाच सेकंदांची हाक येते आणि निघून जाते. रात्री ऐकणारा म्हणतो, ‘आज तिकडे काहीच नव्हतं.’ असं म्हणायचा त्याला अधिकार आहे का, हा प्रश्न यंत्राचा नाही, ज्ञानाचा आहे.

आपल्याकडे मीमांसक तत्त्वज्ञांनी तो फार पूर्वी सोडवायला घेतला. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण, ज्ञानाचं वेगळं साधन आहे. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तिथे घट नाही हे कळतं. पण त्याला अट आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही म्हणून त्याचा अभाव सिद्ध होत नाही, आणि पिशाच तर दिसण्याजोगंच नसल्यामुळे ते न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, बौद्ध तार्किक धर्मकीर्ती त्याला अनुमानात बसवतो; पण असतं तर कळलं असतं, ही अट कोणीही सोडत नाही. स्कॅनरची यादी लावणं म्हणजे ही अट पुरी करणं. बडबड्या चॅनलांच्या गर्दीत टाकलेला अबोल चॅनल हा काळोखातला घट आहे. त्याच्याबद्दल ‘काही नव्हतं’ म्हणणारा फक्त स्वतःच्या अडचणीचं वर्णन करत असतो.

ही अट पुरी न होणं किती महागात पडू शकतं ते 14 एप्रिल 1912 च्या रात्री दिसलं. बर्फात थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाचा एकुलता एक तारयंत्री सिरिल इव्हान्स ‘टायटॅनिक’ला बर्फाची खबर द्यायला गेला, तर त्याला गप्प करण्यात आलं. तिथला तारयंत्री प्रवाशांच्या तारा किनाऱ्यावरच्या केप रेस केंद्राला पाठवण्यात गुंतला होता. साडेअकराच्या सुमारास इव्हान्स यंत्र बंद करून झोपला. अकरा चाळीसला ‘टायटॅनिक’ हिमनगाला धडकली. एका जहाजावर गजबजलेल्या कामाने इशारा बाजूला सारला, दुसऱ्यावर ऐकणारं कोणी उरलं नाही. पुढे समुद्रावर एक विलक्षण शिस्त आली. मोर्सच्या 500 किलोहर्ट्झ लहरीवर दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी आपलं बोलणं थांबवायचं आणि क्षीण हाकेसाठी कान द्यायचे. जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तेवढे पट्टे लाल रंगवलेले असत. बोलक्यांना गप्प केल्याशिवाय अबोलांची शांतता प्रमाण ठरत नाही, हे तिथे चक्क घड्याळावर रंगवलं होतं.

यावर कोणी म्हणेल, जो चॅनल क्वचित बोलतो तो कमी महत्त्वाचा, म्हणून त्याला कमी लक्ष. पण किती वेळा बोलतो आणि काय बोलतो यांचा संबंध काय? विमानांची 121.5 मेगाहर्ट्झ ही संकटलहरी बहुतेक वेळ शांत असते, आणि तशी ती असावी म्हणूनच ती राखून ठेवलेली असते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वेळ मर्यादित, सगळ्यांना सारखं लक्ष देणार कसं? इथे हिशेबच उलटा निघतो. शांत चॅनल तपासायला सेकंदाचा एखादा अंश लागतो. वेळ खातात ते बोलके. म्हणून शांत चॅनलांची यादी वेगळी करून तीच मुख्य फेरी ठेवली आणि गजबजलेले दुसऱ्या गटात बंद ठेवून हवे तेव्हाच उघडले, तर अबोलांकडे लक्ष देणं जवळजवळ फुकट पडतं. सारखा वेळ कोणी मागितलेलाच नाही. मागणी आहे ती आपली पाळी न चुकण्याची.

प्राधान्याची सोय आहेच की, असंही म्हणता येईल. खरं आहे, निवडलेला चॅनल दर दोनेक सेकंदांनी, दुसरं संभाषण चालू असतानाही तपासला जातो आणि ऐकत असलेल्या वाक्याला तेवढ्यापुरती बारीक खाच पडते. पण प्राधान्य द्यायला तो चॅनल महत्त्वाचा आहे हे आधी माहीत हवं, आणि अबोल चॅनलाबद्दल नेमकं तेच माहीत नसतं. शिवाय शांत चॅनलांच्या यादीतही एक जण बोलू लागला की बाकीचे तेवढा वेळ काळोखात जातात. दुसरा स्कॅनर घेतला तरी हे कमी होतं, संपत नाही. आणि जे यादीतच नाही किंवा ज्याचं बोलणं सांकेतिक केलेलं आहे, ते मीमांसकांच्या पिशाचाच्या रांगेतलं: त्याच्याविषयी होकारही नाही, नकारही नाही. म्हणून नोंदवहीत ‘काही नाही’ लिहिणाऱ्याने त्याच ओळीत कोणती यादी चालू होती, किती वाजल्यापासून, आणि मधे फेरी कुठे किती वेळ अडली, हेही लिहायला हवं.