पाण्याचा रंग कशाने बदलला, ते सांग

उभा राहा आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी घेतलं, त्यात लोखंडाच्या दोन पट्ट्या सोडल्या आणि त्या बॅटरीला जोडल्या, तर थोड्या वेळाने पाणी तांबूस-तपकिरी का होतं? हा प्रयोग तू शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने केला आहेस. वहीत आकृती काढलीस, धनाग्र आणि ऋणाग्र दाखवलेस, निष्कर्षही नीट लिहिलास. धनाग्राचं लोखंड पाण्यात उतरतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि गंजाच्या रंगाचा गाळ तयार होतो. मी त्या पानावर सही केली आहे.

आता दुसरा प्रश्न. दसऱ्याच्या आगेमागे पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या सभामंडपात, तू जे शिबिर लावलंस त्या टबांमधलं पाणी कशाने तपकिरी झालं?

ऊसतोडीला निघायच्या तयारीत असलेल्या बायकांना तू खुर्च्यांवर बसवलंस. त्यांचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायला लावलेस, मधे यंत्राचं ते धातूचं भेंडोळं सोडलंस आणि बटण दाबलंस. अर्ध्या तासात पाणी गढूळ झालं, वर फेस आला. मग सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "मावशी, बघा केवढं विष साठलं होतं अंगात!" त्या बायका आपल्याच पायांकडे बघून ओशाळल्या. वर्षानुवर्षं उसाच्या फडात राबून भेगाळलेले ते पाय. त्यांची लाज वाटावी असं त्यात काय होतं? लाज तू निर्माण केलीस आणि लगेच तिच्यावर उतारा म्हणून बाटल्या पुढे केल्यास. मुकादमाने दिलेली उचल तेव्हा त्यांच्या हातात होती. तारीख तू विचार करून निवडली होतीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

तेच यंत्र कुणाचेही पाय न घालता चालव. पाणी तितकंच तपकिरी होईल. हे तुला माहीत आहे, म्हणून मी इतक्या कडक शब्दांत बोलतो आहे. ज्याला माहीत नाही त्याला मी दहा वेळा समजावून सांगेन. तुला समजावण्यासारखं काही उरलेलं नाही. तू जाणूनबुजून फसवलंस.

शरीरातून नको ते पदार्थ बाहेर टाकण्याचं काम कोण करतं? यकृत आणि मूत्रपिंडं. अमोनियासारख्या घातक पदार्थाचं यकृत युरियात रूपांतर करतं, आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं पाणी शरीर परत घेतं आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. हे काम झोपेतसुद्धा थांबत नाही. तळपायाची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत जाड. तिच्यातून अर्ध्या तासात रक्त शुद्ध होत असतं, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा गाव सोडून शहरात जाणाऱ्या माणसांना ती यातायात कशाला करावी लागली असती? अशा एका तरी माणसासमोर बसून तुझं वाक्य पुन्हा म्हणून दाखव.

तुझं दुसरं यंत्रही मी पाहिलं. हातात पितळी दांडी धरायची, तिची तार लॅपटॉपला जोडलेली, आणि मिनिटाभरात पानंच्या पानं रिपोर्ट. यकृत इतकं, हाडांतलं कॅल्शियम इतकं, जीवनसत्त्वं इतकी, आणि प्रत्येक पानावर लाल अक्षरांत काही ना काही कमी. 'क्वांटम' हा शब्द वर छापला की तपासणी विज्ञानाची होत नाही. दांडी हातात देण्याआधी तू वय, उंची आणि वजन भरून घेतोस. साठीच्या बाईला सांधेदुखी आहे, चाळिशीच्या पुरुषाला पित्त होतं, हे सांगायला लॅपटॉप कशाला लागतो? मधुमेह बघायचा तर रक्त काढावं लागतं. गेल्या तीनेक महिन्यांतली साखरेची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही तपासणी रक्तावर होते, मुठीत धरलेल्या पितळेवर होत नाही.

हा धंदा तू कुठे शिकलास तेही मला माहीत आहे, कारण तू स्वतः माझ्या ओसरीवर बसून सांगितलंस. परदेशी प्रवासी जहाजावरच्या स्पामध्ये नोकरी केलीस. पहिल्याच दिवशी प्रवाशांसाठी मोफत व्याख्यान: चयापचय कसं वाढवावं, शरीरातलं विष कसं काढावं. व्याख्यानाच्या शेवटी नावनोंदणी. मग समुद्री शेवाळाचा लेप, त्यावरून सौम्य वीजप्रवाह, आधी आणि नंतर टेपने कमरेचं माप. मालिश संपली, माणूस अजून झग्यात, अर्धवट गुंगीत, की समोर बसून डॉक्टरांच्या चिठ्ठीसारख्या कागदावर क्रीम आणि गोळ्यांची यादी लिहायची. नाही म्हणणाऱ्याला काळजीच्या सुरात पुन्हा विचारायचं. जहाज भर समुद्रात, उठून जाणार कुठे? रोख पैसे द्यावे लागत नाहीत, खोलीच्या कार्डावर खर्च चढतो, वर 18-20 टक्के बक्षिसी आपोआप लागते, आणि आकडा कळतो तो उतरायच्या वेळी.

तिथे तुझीही पिळवणूक होत होती, हे मी मान्य करतो. मूळ पगार तुटपुंजा, कमाई विक्रीच्या टक्क्यांवर, रोज संध्याकाळी कुणी किती विकलं याचा हिशोब, आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर. बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायला तू गेलास. त्या काळातल्या तुझ्याबद्दल मी कठोर बोलणार नाही. पण त्या जहाजावरून उतरताना तू काय घेऊन आलास? इंग्रजी बोलणं, स्वच्छता, वेळेची शिस्त, परक्या माणसाशी अदबीने वागणं, हे सगळं घेऊन इथे चार पोरांना कामाला लावता आलं असतं. मालिश तू उत्तम करतोस. दुखऱ्या पाठीला तिने आराम पडतो, आणि त्याचे योग्य पैसे घेण्यात काहीही गैर नाही. ते बाजूला ठेवलंस. आणलंस ते नेमकं घाबरवून विकण्याचं तंत्र. तिथला प्रवासी निदान हौसेने सुट्टीवर आलेला असतो, त्याच्या खिशात डॉलर असतात. इथे तू ज्यांना गाठलंस त्यांनी उद्याच्या मजुरीवर आज पैसे उचलले आहेत. जहाजावर तू 'मॅडम' म्हणायचास, इथे 'मावशी' म्हणतोस. मावशी म्हटल्यावर आपल्याकडची बाई नाही म्हणत नाही, तिला ते अपमान केल्यासारखं वाटतं. त्या भिडेचा तू फायदा घेतलास.

"सर, त्याने कुणाला अपाय तर होत नाही," हे तुझं नेहमीचं उत्तर. मग ऐक. त्याच शिबिरातली एक बाई, तुझ्याच वर्गात असलेल्या एकाची आई, महिन्याभराने माझ्याकडे आली. हातात तुझा रिपोर्ट आणि साडेचार हजारांच्या दोन बाटल्या. तिला कित्येक वर्षं मधुमेह आहे. तू तिला म्हणालास, "या रसाने साखर मुळापासून जाते, इंग्रजी गोळ्या हळूहळू सोडा." तिने हळूहळू सोडल्या नाहीत, दुसऱ्याच दिवशी सोडल्या, कारण बाटलीला पैसे दिले होते आणि गोळ्या फुकट मिळत होत्या. ती आली तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, भरत नव्हती. मधुमेही माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे तुला माहीत नसेल तर आज माहीत करून घे. पायातल्या नसा बधिर झालेल्या असतात, दुखणं कळत नाही, रक्तपुरवठा कमी असतो, जंतुसंसर्ग आत हाडापर्यंत जातो, आणि मग पाय कापावा लागतो. तिचे ते पाय तू कोमट पाण्याच्या टबात ठेवले होतेस. बधिर पायाला पाणी किती गरम आहे हेही समजत नाही. तू तिला विचारलंस का, पायाला मुंग्या येतात का? तुला विचारायचं सुचलंच नाही, कारण तू तिच्याकडे रोगी म्हणून बघत नव्हतास.

सरकारी दवाखान्यात कोण विचारतं, असं तू म्हणशील. तक्रार खरी आहे. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, कोविडचे रुग्ण त्यात गेले. तो दिवस हा जिल्हा विसरलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी डॉक्टर नसतात, कधी औषध नसतं. यावर भांडलं पाहिजे, ग्रामसभेत उभं राहून विचारलं पाहिजे. त्या अविश्वासाचा धंदा करण्याचा परवाना मात्र तुला कुणी दिला नाही.

आणि याच जिल्ह्याने दुसरा रस्ताही दाखवला आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी तालुका, दवाखान्यापर्यंत पोचणारे थोडे. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग, क्षयरोग हे सगळं शिकवलं. मीठ-साखरेचं पाणी किती प्रमाणात करायचं आणि जुलाब लागलेल्या मुलाला ते कसं पाजायचं, हे त्या बायका घरोघर सांगत फिरल्या. मुलं वाचली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्या बायकांनी मीठ-पाण्याने पोरं जगवली. तू विज्ञानाचा पदवीधर आहेस, आणि त्याच जिल्ह्यात हे घडलेलं असताना, तू मीठ-पाण्याचं काय केलंस ते बघ.

कायदाही सांगतो, म्हणजे पुढे 'माहीत नव्हतं' म्हणायला नको. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, पक्षाघात, संधिवात ही नावं आहेत. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करायला मनाई आहे, आणि जाहिरातीत तोंडी घोषणाही धरलेली आहे. म्हणजे तुझी पत्रकं आणि रिक्षावरचा भोंगा, दोन्ही त्यात येतात. नोंदणी नसताना रोग्यावर उपचार करायला महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 मनाई करतो. 'गोळ्या सोडा' म्हणताना तू कोणत्या नोंदणीवर बोललास? तुझ्या बाटल्या साखळी पद्धतीने विकल्या जातात. 2021 च्या थेट विक्री नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी घेतलेली संमती यांशिवाय विक्रेत्याने कुणाच्या दारात जायचं नाही. 'आणखी दोघींना आणा, तुमचे पैसे सुटतील' असं सांगून माल गळ्यात मारायलाही त्याच नियमांत बंदी आहे. हे वाक्य तू त्या मंडपात म्हणालास. ते ऐकलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

तुझ्याबरोबर आणखी काही जणांना बोललं पाहिजे. मंदिराचा मंडप देणाऱ्या सरपंचांनी, शाळेच्या खोल्या उघडून देणाऱ्या मुख्याध्यापकांनी, हार घालून फोटो काढून घेणाऱ्या पुढाऱ्यांनी, येणारा माणूस डॉक्टर आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक काय, एवढं विचारायला नको होतं? गावाने विश्वास ठेवला तो तुमच्यावर ठेवला. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांनो, आईने फोनवर "माझी सगळी तपासणी फुकटात झाली" असं सांगितल्यावर तुम्ही "बरं झालं" म्हणून फोन ठेवलात. कोणी केली, रक्त काढलं का, गोळ्या चालू आहेत ना, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली नसती.

आता तुला काय करायचं आहे ते ऐक. त्या बाईला मी लोणीच्या रुग्णालयात पाठवलं आहे, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. तू तिच्या घरी जा, मुलासमोर बस आणि पैसे परत दे. शिबिराची वही तुझ्याकडे आहे, त्यात सगळ्यांची नावं आहेत. ज्यांना ज्यांना तू औषध सोडायला सांगितलंस, त्या प्रत्येकाला आज फोन करून सांग की मी खोटं बोललो, गोळ्या सुरू करा, आरोग्य केंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या बायका कारखान्यांवर असतील, मुकादमांचे नंबर काढ. फोन लागत नसेल तर जाऊन सांग. पुढच्या रविवारच्या शिबिराची पत्रकं मी पाहिली आहेत. ते शिबिर रद्द कर. रद्द झालं नाही, तर सोमवारी सकाळी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार जाईल, सोबत तुझा रिपोर्ट, बाटल्या आणि बायकांचे जबाब असतील, आणि खाली सही माझी असेल.