लगामापासून गोडीपर्यंत

मन आवरण्याचा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. या रूपकात उधळतात ते घोडे. मन हे त्यांना आवरण्याचे साधन आहे. तो लगाम ढिला पडू न देणे हे सारथ्याचे काम, आणि इंद्रियांची ही स्थिर धारणा म्हणजेच योग, असे तेच उपनिषद पुढे सांगते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रश्न अधिक जवळून विचारला जातो. आसन कसे घालावे, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र कोणत्या क्रमाने अंथरावे, नजर कुठे ठेवावी, हे सगळे ऐकून झाल्यावर अर्जुन म्हणतो की मन आवरणे वारा अडवण्याइतके कठीण आहे. श्रीकृष्ण ही अडचण नाकारत नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय तो सांगतो.

पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच जोडी येते. चित्तवृत्तींचा निरोध ही योगाची व्याख्या तिथे सुरुवातीलाच आहे, आणि अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता व आदराने केला तरच मुरतो, अशी अट आहे. व्यासभाष्य चित्ताला दोन्ही दिशांना वाहणारी नदी म्हणते. विषयांकडे जाणारा प्रवाह वैराग्याने अडवायचा आणि विवेकाकडचा अभ्यासाने मोकळा करायचा. निरोध या शब्दाचा कोरडेपणा या एका उपमेने बराच कमी होतो. पुढे हठयोग्यांनी मन धरण्यासाठी श्वास धरला. प्राण चळला की मन चळते, हा त्यांचा अनुभव.

इ. स. 1290 मधल्या ज्ञानेश्वरीत या विचाराला खरे वळण मिळते. ज्ञानेश्वरांना नाथपंथाचा वारसा निवृत्तिनाथांकडून मिळाला होता, आणि सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीजागृतीचे विस्तृत वर्णन केले आहे. पण अर्जुनाच्या त्या तक्रारीपाशी येताच ते मनाचा एक गुण दाखवतात. मनाला जिथे गोडी लागते तिथे ते सोकावते, म्हणून त्याला आत्मसुखाची चव कौतुकाने दाखवत जावे. गीतेच्या मूळ श्लोकात ही गोष्ट नाही. ज्या खोडीने मन विषयांत रमते, तीच इथे साधनेच्या कामी येते. ध्यानावर मराठीत झालेल्या विचारात इतके मोलाचे दुसरे काही क्वचितच सापडेल.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी 205 ‘मनाचे श्लोक’ रचले. त्यांत मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे आणि घरातल्या माणसाला समजवावे तसे समजावले आहे. आसन, प्राणायाम यांची तयारी त्यासाठी लागत नाही. कितीतरी मराठी घरांत मुलांना ध्यान हा शब्द कळण्याआधी हे श्लोक पाठ असतात.