मुक्यांच्या जगातला गोंगाट

किनाऱ्यावर जन्म गेला तरी समुद्राच्या पोटात काय चालते, हे आपल्याला ठाऊक नसते. वर लाटांचा आवाज आणि खाली शांतता, अशी आपली साधी समजूत. झाक कूस्तो या विख्यात फ्रेंच पाणबुड्यानेही १९५३ साली आपल्या पुस्तकाला ‘मूक जग’ अशा अर्थाचेच नाव दिले होते.

पण हे जग मुके नाही. घोळ, ढोमा या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात, विणीच्या हंगामात तर फारच. घोळीच्या ज्या ‘बोत’साठी बाजारात लाखांची बोली लागते, ते बोत म्हणजे त्या माशाचा गळाच. आपण त्याचे मोल जाणतो. त्याचा आवाज मात्र कधी ऐकला नाही. मलेशियातले काही जुने मच्छिमार पाण्यात बुडी मारून केवळ कानाने माशांचा थवा ओळखत. ऐकायचे ठरवले, तर माणसालाही ऐकू येते.

पाण्यात उजेड फार खोल जात नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून तिथे कान हाच डोळा. जोडीदार शोधायचा, शत्रू ओळखायचा, पिलाला हाक मारायची, ते कानाच्याच भरवशावर. अशा जगात गोंगाट करणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय.

हा गोंगाट येतो कुठून? जहाजाचा पंखा फिरतो तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. जहाजांचा बराचसा आवाज त्यातून येतो. तेलाच्या शोधात जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या तोफा दर दहा-पंधरा सेकंदांनी, दिवस-रात्र, कित्येक आठवडे डागल्या जातात. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात अशा तोफा चालू असताना पाहणी केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार कॉड माशांची पकड जवळजवळ निम्म्यावर आली होती. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले. काहींच्या कानांजवळ रक्तस्राव झालेला होता. अमेरिकी नौदलाच्या सोनार यंत्रांमुळे हे घडले असावे, असे पुढच्या वर्षी त्या नौदलानेच मान्य केले.

एक प्रसंग विसरता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची वर्दळ घटली. त्याच सुमारास शास्त्रज्ञ तिथल्या देवमाशांची विष्ठा तपासत होते. त्या दिवसांत ताणाची संप्रेरके कमी झाल्याचे पुढे त्यांच्या ध्यानात आले. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. माणसांच्या जगावर दुःखाची छाया होती तेव्हा पाण्याखालच्या एका जमातीने सुटकेचा श्वास घेतला. यात आनंद मानायचे काहीच नाही. पण आपल्या रोजच्या व्यवहाराचा भार कुणावर पडतो, ते त्या चार दिवसांनी दाखवले.

आता खरा प्रश्न. यात गुन्हेगार कोण? माशांना छळावे असा हेतू कुणाचाच नव्हता. हेतू नसला की माणूस निर्दोष ठरतो काय? कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली. त्यांच्या पगारावर भिंती उभ्या राहिल्या, मुलींची लग्ने झाली, मुले शिकली. तो आवाज आपल्या भाकरीचा आवाज आहे. मच्छिमाराच्या होडीलाही आता इंजिन आहे. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही.

कुणी म्हणेल, माणसाच्या पोटापुढे माशाच्या कानाची काय कथा? पहिले उत्तर हिशेबाचे आहे : मासे पळाले तर मच्छिमाराचेच पोट मारले जाते. पण हे उत्तर अपुरे आहे. समजा, आपले काहीच नुकसान होत नसते, तर हा गोंगाट न्याय्य ठरला असता काय? ज्याला फिर्याद करता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरच आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा होते. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे इतरांसारखे दूर स्थलांतर करत नाहीत. त्यांची गाणी गोव्याच्या किनाऱ्याजवळ ध्वनिमुद्रित झाली आहेत. ते आपले कायमचे शेजारी आहेत. शेजाऱ्याची झोप मोडू नये, हे समजायला ग्रंथ लागत नाही.

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने प्रदूषणाच्या व्याख्येत पदार्थांबरोबर ऊर्जेचाही समावेश केला. आवाज ही ऊर्जाच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये जहाजांचा आवाज कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. पण ती ऐच्छिक आहेत. कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून काही पट्ट्यांत जहाजांना वेग कमी करण्याची विनंती केली. बहुतेक जहाजांनी ती मानली आणि आवाज घटला. जहाजे थांबली नाहीत, फक्त थोडी सावकाश गेली.

तेल सांडले तर त्याचा डाग वर्षानुवर्षे राहतो. आवाजाचे तसे नाही; तो थांबवला की त्याच क्षणी नाहीसा होतो. हे पाप धुवायला इतके सोपे आहे, म्हणूनच ते करत राहण्याला आपल्यापाशी सबब उरत नाही. आपल्याला हवी ती वस्तू दोन दिवस उशिरा आली तर चालेल काय, एवढेच आपण स्वतःला विचारायचे आहे.